श्रावण-भाद्रपदाच्या खरेदीसाठी मंडईचा पत्रीबाजार: एक परीक्षण

पुण्यात नव्याने बिऱ्हाड केलेल्या कुटुंबांकडून आषाढ सरत आला की एक प्रश्न हमखास ऐकू येतो: श्रावणातील व्रतांचे आणि पुढे गौरी-गणपतीचे साहित्य आणायचे कोठून? याची सध्या दोन उत्तरे मिळतात. एक उत्तर म्हणजे घरपोच येणारे पूजासंच, ज्यांत हळद-कुंकवापासून जानव्यापर्यंत सारे काही एका खोक्यात बसवलेले असते. दुसरे उत्तर म्हणजे महात्मा फुले मंडई आणि तुळशीबाग यांच्या भोवती या दोन महिन्यांत भरणारा पत्रीबाजार, ज्याला ना फलक आहे ना मालक. मी दोन्हींचा वापर केला आहे आणि हे परीक्षण प्रामुख्याने दुसऱ्याचे आहे. माझे मत आरंभीच सांगते. जे वर्षभर डब्यात राहते ते कोठूनही घ्यावे, पण जे पावसात उगवते आणि दोन दिवसांत कोमेजते ते मंडईतूनच आणावे. त्यामागे ताजेपणा हे कारण आहेच, पण त्याहून मोठे कारण असे की हे सण प्रत्येक घरात निराळ्या रीतीने होतात, आणि ‘तुमच्याकडे कसं असतं?’ असे आधी विचारून मग माल देणारा विक्रेता मला आजवर याच बाजारात भेटला आहे.

मंडईची दगडी इमारत १८८६ साली ‘रे मार्केट’ या नावाने सुरू झाली आणि पुढे तिला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. आतल्या गाळ्यांवर भाजी आणि फळे असतात. पत्री मात्र इमारतीच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला, निळ्या प्लास्टिकच्या कागदाखाली बसलेल्या बायकांकडे मिळते. त्यांतल्या बऱ्याच जणी सिंहगडाच्या पायथ्याकडून, मुळशी-मावळाकडून पहाटेच भारे घेऊन आलेल्या असतात. स्वतःचे वाहन घेऊन या भागात जाणे सणाच्या दिवसांत टाळलेलेच बरे. २९ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मेट्रोमार्ग खुला झाल्यापासून मंडईला स्वतःचे स्थानक आहे, आणि कोथरूडकडून येणाऱ्यांनी वनाजहून गाडी धरून जिल्हा न्यायालय स्थानकावर मार्ग बदलला की पुढचा प्रवास सोपा होतो. ज्येष्ठ नागरिकांच्या दृष्टीने ही सोय फार मोलाची आहे, कारण पूर्वी रिक्षा लांबवर सोडून चिखलातून चालत यावे लागे.

या बाजाराची खरी परीक्षा जोडसणांच्या आदल्या दिवशी होते. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ साली, २८ जुलैला पहिला श्रावणी सोमवार होता आणि दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी, नागपंचमी आणि पहिली मंगळागौर एकत्र आली. त्यामुळे सोमवारी सकाळी एकाच वेळी बेलाची, नागाची आणि सोळा प्रकारच्या पत्रीची मागणी होती. आमच्या घरी भाचसुनेची पहिली मंगळागौर होती. लग्नानंतरची पाच वर्षे श्रावणातल्या मंगळवारी ही पूजा करण्याची रीत आहे आणि पहिल्या वर्षी हौस अधिक असते, त्यामुळे यादी मोठी होती. मी एका वयस्क बाईंसमोर जाऊन ‘मावशी, मंगळागौरीची पत्री द्या’ एवढेच म्हणाले. त्यांनी लगेच जुडी उचलली नाही. ‘ताई, नुसते सोळा प्रकार हवेत, का प्रत्येकातली सोळा-सोळा पानं वाहता? आणि किती जणी पूजेला बसणार?’ असे त्यांनी विचारले. पाच वशेळ्या आहेत म्हटल्यावर त्यांनी पाच वेगळे वाटे केले, प्रत्येक वाट्यातली पाने स्वतः मोजली, आणि किडके बेलाचे पान दिसले तेव्हा ते बाजूला टाकून दुसरे लावले. मंगळागौरीच्या पूजेत पाने हाच उपचाराचा गाभा आहे. अन्नपूर्णेच्या मूर्तीपुढे सोळा वातींचे, कणकेचे दिवे लावणे आणि सोळा तऱ्हेची पत्री वाहणे एवढे झाले की पुढची रात्र झिम्मा, फुगडी, पिंगा आणि भाजणीच्या वड्यांची. म्हणून पानांच्या बाबतीत ही काळजी घेणारा विक्रेता मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

त्याच बाईंकडे नागपंचमीचे नागही होते. न भाजलेल्या काळ्या मातीचे, बोटभर उंचीचे, आणि फण्यावर करणाऱ्याच्या चिमटीची खूण तशीच राहिलेली. प्रत्येकाचा फणा थोडा वेगळा वळलेला होता. शेजारी ज्वारीच्या लाह्या, आघाडा आणि दुर्वा. काही घरांत मातीचा नाग आणत नाहीत, पाटावर गंधाने नागाचे चित्र काढतात, आणि अशा गिऱ्हाइकांना नाग गळ्यात न मारता फक्त लाह्या आणि पत्री दिली जात होती. या दिवशी चिरणे, तळणे आणि तवा ठेवणे वर्ज्य असल्याने पुरणाची दिंडे वाफवतात. कोकणातली मूळ घरे हळदीच्या पानांत पातोळ्या करतात आणि ती पानेही इथे मिळतात. दिंडांसाठी बाजारातून काही आणावे लागत नाही, पण हळदीचे पान पुण्यातल्या इतर भाजीबाजारांत शोधत फिरावे लागते. मंडईत ते नागपंचमीला आणि पुन्हा गणपतीच्या वेळी हमखास दिसते.

जिवतीच्या कागदाविषयी मात्र माझी तक्रार आहे. श्रावणभर देवघरात लावण्याचा हा कागद चार भागांचा असतो. वर नरसिंह, त्याखाली कालियामर्दन करणारा कृष्ण, मग मुले अंगाखांद्यावर घेतलेल्या जरा-जिवंतिका, आणि सर्वांत खाली हत्तीवरचा बुध व वाघावरचा बृहस्पती. प्रत्येक देवतेचा स्वतःचा दिवस आहे आणि श्रावणातल्या कहाण्याही वारांप्रमाणे वाचल्या जातात, त्यामुळे चारही चित्रे असणे आवश्यक आहे. शुक्रवारी आघाडा-दुर्वांची माळ घालून जिवतीची पूजा करायची आणि मुलांना ओवाळायचे, हे ज्या घरात आहे त्या घराला हा कागद नीटच हवा. तुळशीबागेच्या आसपास आता चकचकीत कागदावरचे जे छाप मिळतात, त्यांतील काहींत रंग इतके भडक आणि रेषा इतक्या पुसट असतात की खालचे बुध-बृहस्पती ओळखू येत नाहीत. जुन्या धाटणीचा, साध्या कागदावरचा छाप पूजासाहित्याच्या जुन्या दुकानांत अजून मिळतो. तो मागून घ्यावा. लहान मुलांना चित्रातले कोण कोण आहे हे दाखवत कहाणी वाचायची असेल तर चित्र स्पष्ट असणे ही किरकोळ गोष्ट नाही.

शिवामूठ ही वस्तू साधी, पण तीत गोंधळ फार होतो. श्रावणी सोमवारी शंकराला क्रमाने तांदूळ, तीळ, मूग आणि जव यांची मूठ वाहतात आणि पाचवा सोमवार आला तर सातू. २०२५ मध्ये चारच सोमवार होते. मी मागवलेल्या घरपोच संचात पाच पुड्या होत्या, त्यांच्यावर क्रम लिहिलेला नव्हता आणि जवाच्या पुडीत चक्क गहू निघाले. धान्य ओळखणाऱ्याला हे चटकन कळेल, पण ज्या मुलीने नव्याने व्रत धरले आहे तिला कसे कळावे? मंडईजवळच्या किराणा दुकानांत जव सुटे मिळतात, आणि दुकानदार सोमवार कितवा ते विचारून देतो.

नारळी पौर्णिमेसाठी वेगळे लिहिण्यासारखे फारसे नाही, कारण नारळ कोठलाही चालतो आणि नारळीभाताला तांदूळ चांगला लागतो एवढेच. पिठोरी अमावस्येला मातीचे बैल मंडईबाहेर थोडेच येतात, ते कसब्यातल्या कुंभारांकडे पाहिलेले बरे. पिठोरीचे वाण डोक्यावर घेऊन आई ‘अतीत कोण?’ असे विचारते आणि मागे उभे असलेले मूल ‘मी’ म्हणते, या सुंदर रीतीला खीर-पुरीखेरीज काहीच विकत आणावे लागत नाही.

खरा विषय आहे तो गणेश चतुर्थीच्या एकवीस पत्रींचा. मालती, माका, बेल, दुर्वा, बोर, धोत्रा, तुळस, शमी, आघाडा, डोरली, कण्हेर, रुई, अर्जुन, विष्णुक्रांता, डाळिंब, देवदार, मारवा, पिंपळ, जाई, केवडा आणि हादगा अशी ही पाने. एरवी गणपतीला न वाहिली जाणारी तुळस या दिवशी मात्र या पंक्तीत असते. बाजारात ‘एकवीस पत्री’ म्हणून तयार बांधलेली जुडी मिळते, आणि या जुडीविषयी माझे मत प्रतिकूल आहे. चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी घाईत बांधलेल्या जुडीत निम्मी पाने कोणत्याही कुंपणावरची असू शकतात. दोष सर्वस्वी विक्रेत्यांचा नाही. गिऱ्हाईक जुडी सोडून पाहत नाही, आणि पाहिली तरी त्याला पाने ओळखता येत नाहीत, हे त्यांनाही ठाऊक झाले आहे. म्हणून सुटी पत्री घ्यावी आणि नाव विचारत एकेक पान हातात घेऊन पाहावे. ज्या बाईंना पाने ठाऊक आहेत त्यांना हे विचारणे आवडते, आणि ज्यांना ठाऊक नाहीत त्या टाळाटाळ करतात. विक्रेता पारखण्याची माझी रीत हीच आहे.

पाने ओळखणे वाटते तितके कठीण नाही. आघाड्याच्या तुऱ्यावरून वरून खाली बोट फिरवले तर तो मऊ लागतो, खालून वर फिरवले तर टोचतो, आणि त्याची बोंडे पदराला चिकटून घरापर्यंत येतात. माक्याचे पान चुरगाळले की रस थोड्या वेळात काळा पडतो. रुईचे पान मोडले की पांढरा चीक येतो. हा चीक डोळ्यात जाऊ देऊ नये, आणि पत्री निवडल्यावर मुलांचे हात लगेच धुवावेत. अर्जुनाच्या पानाच्या देठाजवळ, मागच्या बाजूला, दोन बारीक गाठी असतात. डोरलीच्या पानावरच काटे असतात. विष्णुक्रांतेचे निळे फूल शर्टाच्या गुंडीएवढेही नसते, त्यामुळे ते शोधावे लागते. मारवा वासावरूनच कळतो. दुर्वा म्हणून पुष्कळदा रुंद पात्याचे कोणतेही गवत खपवले जाते. खरी दुर्वा बारीक पात्यांची असते आणि पूजेला तिचे कोवळे, तीन वा पाच पात्यांचे अंकुर घ्यायचे असतात. देवदाराच्या बाबतीत हट्ट धरण्यात अर्थ नाही. तो हिमालयातला वृक्ष आहे, आणि पुण्याच्या रस्त्यावर त्याच्या नावाने मिळते ते दुसऱ्याच झाडाचे पान असते. ज्या बाईंकडून मी पत्री घेते त्यांनी ‘देवदार नाही, ताई. खोटं कशाला देऊ? त्याच्याबद्दल अक्षता वाहा’ असे सांगितले होते. शास्त्रातही न मिळालेल्या उपचाराबद्दल अक्षता वाहण्याची मुभा आहे. या एका उत्तरासाठी मी त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा जाते.

याच ठिकाणी या बाजाराविषयीची माझी सर्वांत मोठी काळजीही सांगितली पाहिजे. काही भाऱ्यांत अर्जुनाच्या, शमीच्या अख्ख्या फांद्या तोडून आणलेल्या दिसतात, आणि माका-विष्णुक्रांतेसारख्या लहान वनस्पती मुळासकट उपटलेल्या असतात. देवाला पान वाहायचे आहे, झाड नव्हे. पानापुरतीच पत्री खुडून आणणाऱ्या बायका आहेत आणि त्यांचा वाटा थोडा महाग असतो. ते जास्तीचे पैसे अवश्य द्यावेत. ज्यांच्या सोसायटीत चार हात जमीन आहे त्यांनी तुळस, डाळिंब, जाई, मारवा, बेल आणि दुर्वा एवढे लावले तरी बाजारातून आणण्याची यादी बरीच आखूड होते. तुळशीबागेतली भांडी जितक्या आवडीने आपण निवडतो तितक्याच आवडीने ही रोपे निवडली जावीत असे मला मनापासून वाटते.

हरतालिकेच्या मूर्ती, म्हणजे पार्वती, तिची सखी आणि शिवलिंग, शाडूच्या मिळतात आणि त्या बऱ्या असतात. वाळूचे लिंग करणाऱ्या घरांना फक्त पत्री लागते. त्या दिवशी रुईचे पान आठवणीने जास्त घ्यावे, कारण काही घरांत रात्री रुईच्या पानावर तूप किंवा मध घेऊन चाटण्याची चाल आहे आणि ऐन वेळी पान सापडत नाही.

ऋषिपंचमीला मात्र मंडईला पर्याय नाही, हे मी कोणत्याही संकोचाशिवाय लिहिते. या दिवशी बैलाच्या श्रमाचे खायचे नाही, असा नियम आहे. नांगरलेल्या जमिनीतले धान्य नको, म्हणून परसात, बांधावर, वेलीवर आपसूक वाढणाऱ्या भाज्यांची एकच भाजी करायची आणि वरीच्या तांदळाबरोबर जेवायचे. चतुर्थीच्या दुपारपासून मंडईच्या आत आणि बाहेर ऋषीच्या भाजीचे वाटे लागतात. अळूची पाने आणि देठ, लाल माठाचे अंगठ्याएवढे जाड देठ, अंबाडी, सुरण, लाल भोपळा, पडवळ, शिराळे, भेंडी, चवळीच्या शेंगा, मक्याचे कणीस, ओल्या भुईमुगाच्या शेंगा. एका वाट्यात प्रत्येकातले थोडेथोडे असते, आणि दोन माणसांच्या घराला सुरणाचा अख्खा गड्डा घ्यावा लागत नाही, ही या पद्धतीची सर्वांत मोठी सोय. भाजीला तेल नाही, फोडणी नाही; हिरवी मिरची, मीठ, ओले खोबरे आणि चिंच. चिंच विसरू नये, कारण अळू आणि सुरण दोन्ही घशाला खाजतात आणि आंबटाने ती खाज मोडते. मी घेतलेल्या वाट्यात भाजीवाल्या दादांनी न मागता चिंचेचा गोळा आणि दोन आंबाडे टाकले, आणि ‘माठाचे देठ सोलून घ्या, साल राहिली तर चोथा होतो’ असे बजावले. त्यांचे म्हणणे अगदी खरे होते. सोललेले देठ शिजून लोण्यासारखे मऊ होतात आणि ती भाजी आमच्या घरात वर्षभर आठवली जाते. शहरातल्या इतर भागांत हीच भाजी चिरून, पाकीटबंद करून विकायला येऊ लागली आहे. नोकरी करणाऱ्या बायकांची अडचण मला समजते, तरी चिरलेला अळू आणि सुरण रात्रभर पाकिटात राहिल्यावर काळे पडतात आणि भाजीला उग्र वास येतो, म्हणून ते पाकीट मी सुचवणार नाही. वेळ नसेल तर भाज्यांची संख्या कमी करावी; व्रताला त्याने बाध येत नाही.

गौरींच्या खरेदीत ‘तुमच्याकडे कसं असतं?’ हा प्रश्न सर्वांत जास्त कामाला येतो. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन आणि मूळावर विसर्जन एवढे सर्वांचे सारखे. गेल्या वर्षी हे तीन दिवस ३१ ऑगस्ट, १ आणि २ सप्टेंबर असे आले. यापुढे मात्र घराघरांत भेद आहेत. कोणाकडे पाणवठ्यावरून न बोलता आणलेले खडे म्हणजे गौर; कोणाकडे तेरड्याची मुळासकट रोपे, ज्यांची मुळे म्हणजे गौरीची पावले; कोणाकडे उभ्याच्या ज्येष्ठा-कनिष्ठा, पितळी किंवा शाडूचे मुखवटे, खाली धान्य भरलेल्या कोठ्या किंवा लोखंडी स्टँड. तेरडा मंडईबाहेर ढिगाने येतो आणि अतिशय स्वस्त असतो. तेरड्याचा रंग तीन दिवस हे आपल्याकडे म्हणतातच, तेव्हा तो आवाहनाच्या सकाळी आणावा, आदल्या दिवशी नव्हे. मुखवट्यांसाठी तुळशीबागेत जावे. राममंदिराभोवतीच्या त्या गल्ल्यांत मुखवटे, दागिने, कोठ्या, साड्यांचे तयार निऱ्या घातलेले साचे असे सारे एका जागी आहे. तिथल्या एका दुकानात मी नवे मुखवटे पाहत असताना विक्रेत्या काकांनी आधी जुने कसे आहेत ते विचारले, फोनवरचा फोटो पाहिला, आणि ‘हे बदलू नका, फक्त रंग उजळून घ्या, घरातलं रूप राहू द्या’ असा सल्ला दिला. त्यांनी विक्री सोडली आणि आमच्या आजेसासूबाईंच्या वेळचे मुखवटे राहिले. प्लास्टर ऑफ पॅरिसचे मुखवटे शाडूपेक्षा गुळगुळीत दिसतात, पण त्यांचे टवके लवकर उडतात. ज्यांना दरवर्षी तेच मुखवटे वापरायचे आहेत त्यांनी पितळी घ्यावेत आणि खर्च एकदाच करावा.

सोळा भाज्यांसाठी आणि पहिल्या दिवशीच्या भाजी-भाकरीच्या नैवेद्यासाठी पुन्हा मंडईच. हळदीत बुडवलेले, सोळा गाठींचे दोरे तयार मिळतात, मात्र गाठी मोजून घ्याव्यात.

बाजाराचे दोष स्पष्ट सांगितले पाहिजेत. दर लिहिलेले नसतात आणि सणाच्या आदल्या संध्याकाळी ते सकाळच्या दुपटीच्या घरात जातात. पाऊस असेल तर पायाखाली चिखल आणि कुजलेली पाने असतात, आणि गर्दीत पाय घसरण्याची भीती खरी आहे. बसायला जागा नाही, स्वच्छतागृह शोधावे लागते. ज्या बायका आपल्यासाठी ही पाने आणतात त्यांना स्वतःला दिवसभर पावसात, पदपथावर, उभारलेल्या कागदाखाली बसावे लागते. त्यांच्यासाठी या दोन महिन्यांपुरते साधे पत्र्याचे छप्पर झाले तर गिऱ्हाइकांची आणि त्यांची दोघांचीही सोय होईल. पैशांची अडचण आता उरलेली नाही, बहुतेकींकडे क्यूआर कोड असतो. पत्री घरी आणल्यावर प्लास्टिकच्या पिशवीत तशीच ठेवली तर एका रात्रीत काळी पडते. जुडी सोडावी, पाणी झटकावे आणि ओलसर सुती पंच्यात गुंडाळून गार जागी ठेवावी.

घरपोच पूजासंचाविषयी दोन शब्द. मी मागवलेल्या संचाचे नाव देत नाही, कारण असे बरेच संच शहरात मिळतात आणि प्रश्न त्या पद्धतीचा आहे. त्यातील कापूर, वाती, वस्त्रमाळा, जानवी, सुपारी, हळकुंडे आणि बदाम उत्तम प्रतीचे होते, बांधणी नेटकी होती, आणि परगावी किंवा परदेशी असलेल्या मुलांना पाठवायला याहून चांगली सोय नाही. पत्रीच्या नावाने मात्र त्यात वाळवलेल्या पानांचे पाकीट होते, ज्यातले एकही पान ओळखता येत नव्हते, आणि गौरीपूजनाच्या माहितीपत्रकात फक्त मुखवट्यांच्या गौरींचा विधी दिला होता. खड्याच्या किंवा तेरड्याच्या गौरी बसवणाऱ्या घरातली नवी सून हे पत्रक वाचून आपल्याच घरची रीत चुकीची समजेल, ही मला गंभीर बाब वाटते. संच बनवणाऱ्यांनी मागणी नोंदवताना घरची पद्धत विचारणारे चार रकाने जरी घातले तरी हा दोष दूर होईल.

यंदा, २०२६ साली, अधिक ज्येष्ठ आल्यामुळे सारेच सण पुढे गेले आहेत. श्रावण १३ ऑगस्टला सुरू होईल, नागपंचमी १७ ऑगस्टला, सोमवारीच, आहे आणि गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला. म्हणजे पहिल्या सोमवारचा बेल, शिवामुठीचे तांदूळ आणि नागाचे साहित्य एकाच खेपेत घेता येईल. ती खेप रविवारी सकाळी आठच्या आत करावी, कारण दुपारनंतर बेल निवडून घेऊ देत नाहीत. चतुर्थीची पत्रीही १३ सप्टेंबरच्या रविवारी सकाळीच घ्यावी, संध्याकाळची जुडी घेऊ नये. आणि पूजा झाल्यावर हे निर्माल्य गाई-म्हशींपुढे टाकू नये: त्यात कण्हेर, धोत्रा आणि रुई असतात आणि ही तिन्ही जनावरांना विषारी आहेत. महापालिका विसर्जनघाटांवर निर्माल्यकलश ठेवते, त्यांत ते द्यावे. मारव्याच्या ताज्या काड्या आणि मुळे असलेल्या दुर्वा मात्र कुंडीत लावाव्यात, दोन्ही सहज जगतात.